क्वारी बँक : पाण्यावर चालणारी जुनी कापडगिरणी बघायला जातोय, काय चुकवू नये?

रानजाई

मंडळी, पुढच्या महिन्यात मँचेस्टरला नणंदेकडे जाणार आहोत. तिथल्या विमानतळापासून अगदी जवळ, चेशरमधल्या स्टायल गावात बॉलिन नदीच्या काठी क्वारी बँक नावाची जुनी सूत-कापडगिरणी आहे. सॅम्युअल ग्रेगने १७८४ साली सुरू केलेली आणि पाण्याच्या चाकावर चालणारी. १९३९पासून ती नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे आणि आता तिथे संग्रहालय आहे.

सोबत दहा वर्षांची लेक आणि सासरे. सासऱ्यांचा जन्म यंत्रांत गेला, त्यांना चाक आणि माग बघायचे आहेत. नवऱ्याला बाग. मला मात्र तिथलं ॲप्रेंटिस हाउस बघायचंय, म्हणजे गिरणीत कामाला आणलेली निराधार मुलं जिथे राहायची ते घर. एका दिवसात हे सगळं धावपळ न करता होईल का? सुरुवात कशाने करावी?

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. लेकीला ते मुलांचं घर दाखवावं की नाही, यावर आमच्याकडे दोन तट पडलेत. सासूबाई म्हणतात, फिरायला नेताय तर पोरीला रडवून आणू नका. तुमचं काय मत?

टेकडीपलीकडे

मी त्याच भागात राहतो, पाहुणे आले की हमखास तिकडे नेतो. एका दिवसात आरामात होतं, फक्त सकाळी वेळेवर पोचा. स्टायलला रेल्वे स्टेशन आहे पण गाड्या फार कमी थांबतात. विल्म्सलोला उतरणं सोयीचं.

सुरुवात गिरणीच्या दारातून करू नका. आधी नदीच्या वरच्या अंगाला चालत जा आणि बंधारा बघा. बॉलिन बघून बरेच जण निराश होतात, कारण नदी लहानशी आहे. एवढ्याशा पाण्यावर पाच मजली गिरणी कशी चालली असेल, हा प्रश्न तिथे उभं राहून पडला पाहिजे. मग पाणी बंधाऱ्याने कसं अडवलं, वळवून गिरणीच्या पोटात कसं नेलं, ते वाटेने बघत खाली या. असं आलात की चाकाच्या खोलीत शिरताना प्रश्न तुमच्याबरोबर असतो आणि उत्तर समोर.

चाकाची खोली थंड आणि ओलसर. आधी आवाज येतो, मग डोळे अंधाराला सरावले की चाक दिसतं. ते हळू फिरतं. एकेका पात्यावरून पाणी ओघळताना नीट दिसतं इतकं हळू. लोकांना वाटतं ताकदवान म्हणजे गरगर फिरणारं. इथे उलट आहे. सासऱ्यांना तिथून हलवायला वेळ लागेल, तो वेळ धरून चला.

मोगरा_७

वाचते आहे. आम्हालाही जायचंय.

इंजिनेरबाई

माझ्या आवडीचा विषय निघाला, त्यामुळे जरा लांबण लावते.

क्वारी बँकला वेगवेगळ्या काळात वेगवेगळी चाकं होती. सगळ्यांत गाजलं ते चौथं, टॉमस ह्यूज या अभियंत्याचं, १८१८च्या सुमाराचं. व्यास ३२ फूट, रुंदी २१ फूट, ताकद सुमारे १०० अश्वशक्ती. १९०४ साली ते मोडीत निघालं आणि त्या जागी टर्बाइन आली. आज जे फिरताना दिसतं ते यॉर्कशरमधल्या पेटली ब्रिजजवळच्या ग्लासहाउसेस मिलमधून आणलेलं लोखंडी चाक आहे. ते विल्यम फेअरबेर्नच्या आराखड्याचं. फेअरबेर्नने आधी ह्यूजकडे काम केलं होतं, त्यामुळे घराणं एकच.

आता सासऱ्यांसाठी. चाकाचे आरे बघायला सांगा. एवढ्या अजस्र चाकाला इतके बारीक आरे कसे चालतात? कारण ताकद आसातून घेतलेलीच नाही. चाकाच्या कडेला दाते आहेत, त्यात एक छोटं दातेरी चाक अडकतं आणि तिथूनच ताकद बाहेर निघते. आऱ्यांना फक्त चाकाचं वजन तोलायचं असतं, पीळ सोसायचा नसतो. सायकलच्या चाकासारखे ते ताणावर काम करतात. जुन्या लाकडी चाकांत सगळा पीळ आसावर यायचा, म्हणून ती बोजड असत आणि मोडतही. शिवाय कडेला वेग जास्त मिळतो, त्यामुळे पुढे गिरणीच्या शाफ्टचा वेग वाढवायला दातेरी चाकांची लांबलचक साखळी लागत नाही.

पाण्याचा हिशेबही करून बघण्यासारखा आहे. १०० अश्वशक्ती म्हणजे साधारण ७५ किलोवॉट. पाणी ३० फुटांच्या आसपास खाली पडतं असं धरलं आणि चाकाची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर सेकंदाला हजार-बाराशे लिटर पाणी लागतं. छोट्या नदीला पावसाळी दिवसांत हे सहज जमतं. कोरड्या उन्हाळ्यात नाही. म्हणूनच ग्रेगने १८१०च्या सुमाराला बोल्टन आणि वॉटचं वाफेचं इंजिन मदतीला घेतलं. चाक गेलं आणि वाफ आली असं पुस्तकात एका ओळीत उरकतात. प्रत्यक्षात दोन्ही कित्येक वर्षं एकाच छपराखाली नांदली. पाणी फुकट, कोळसा विकत. मग ज्याच्याकडे नदी आहे तो चाक का सोडेल?

टेकडीपलीकडे

@इंजिनेरबाई, यात एक भर. चाक नदीच्या पातळीच्याही खाली, खड्ड्यात बसवलंय. जितकं खोल तितकं पाणी जास्त उंचीवरून पडतं. मग वापरलेलं पाणी बाहेर काढायचं कसं? त्यासाठी बोगदा खणला आणि पाणी नदीत बरंच पुढे, जिथे पात्र आपोआप खाली गेलंय तिथे नेऊन सोडलं. गिरणीचं अर्धं कौशल्य जमिनीखाली आहे आणि तिथे कुणाची नजर जात नाही.

जुनं_खोड

छान माहिती येते आहे. दुसऱ्या प्रश्नावर माझं मत देतो. मुलीला गिरणी दाखवा, बाग दाखवा, मुलांचं घर शेवटी वेळ उरला तर. आणि दाखवलंच तर एक लक्षात ठेवा. ग्रेग हा त्या काळातला बरा मालक होता. १७९०मध्ये मुलांसाठी वेगळं घर बांधलं, पीटर हॉलंड नावाचा डॉक्टर नेमला. कारखान्याने मुलांसाठी डॉक्टर ठेवण्याच्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांत हे येतं. ग्रेगची बायको हॅना सुशिक्षित, तिने मुलांच्या शिकण्याकडे लक्ष दिलं. घरामागच्या बागेत भाजीपाला पिकायचा, मुलांना ताजं खायला मिळायचं. शहरातल्या वर्कहाउसमध्ये, म्हणजे निराधारांना ठेवून काम करून घेणाऱ्या आश्रमात, हीच मुलं कशी जगली असती याचाही विचार व्हावा. सगळंच आजच्या फूटपट्टीने मोजलं तर इतिहास कळत नाही, फक्त राग येतो.

अवनी_द

काका, आदर ठेवून पूर्ण असहमती.

बरा मालक हे खरं, पण कुणाच्या तुलनेत? आजची फूटपट्टी बाजूला ठेवू, त्या काळातलीच घेऊ. १८०६ साली जोसेफ सेफ्टन आणि टॉमस प्रीस्टली ही दोन मुलं स्टायलहून पळाली आणि चालत लंडनला गेली, आपापल्या आईला भेटायला. प्रीस्टली १३ वर्षांचा होता. त्याचं बोट यंत्रात सापडून गेलं होतं. लंडनमध्ये न्यायाधीशांपुढे त्यांनी जे सांगितलं ते लिहून ठेवलं गेलं, म्हणून आपल्याला ते आज माहीत आहे. त्यांच्या सांगण्यात मारहाणीचं रडगाणं नाही. जेवण काय मिळायचं, कामाचे तास किती, वेळ बुडाला की जादा काम करून तो कसा भरावा लागायचा, हे सगळं सरळ सांगितलंय. मला तेच जास्त लागतं. छळ नव्हता, सगळं नियमानुसार होतं, आणि तरी एक मूल आईला भेटायला चेशरहून लंडनपर्यंत चालत गेलं.

मुलांना मजुरी नव्हती. राहणं, जेवण, कपडे आणि त्या बदल्यात वर्षानुवर्षं काम. उलट मूल नेल्याबद्दल वर्कहाउसच गिरणीला पैसे देई. डॉक्टर होता हे खरंच, पण आजारी मूल यंत्रावर उभं राहू शकत नाही, हा हिशेबही त्यात होता.

आणि गिरणीच्या भांडवलाचं काय? ग्रेग कुटुंबाची कॅरिबियन बेटांपैकी डॉमिनिकामध्ये उसाची मळेशेती होती आणि तिथे गुलाम राबत. पुढे गिरणीत येणारा कापूसही अमेरिकेतल्या गुलामांनी वेचलेला. बॉलिनचं पाणी फुकट होतं आणि त्या वेचणाऱ्या हातांनाही कुणी दाम देत नव्हतं. चाकाचं कौतुक करताना हे शेजारी ठेवायलाच हवं. हल्ली संग्रहालय स्वतःही हा भाग सांगतं, ही चांगली गोष्ट आहे.

जुनं_खोड

अवनीताई, डॉमिनिकाचा मुद्दा पटला, तो वगळून ग्रेगचं चित्र पुरं होत नाही. पण डॉक्टर ठेवण्यामागे निव्वळ हिशेब होता असं मला वाटत नाही. माणसं एकाच वेळी हिशेबी आणि कनवाळू असू शकतात. हॅना ग्रेगबद्दल जे वाचलंय त्यावरून तिला त्या मुलांची खरी काळजी होती.

अवनी_द

मान्य. काळजी होती. पण मुलं घ्यायची पद्धत चालूच राहिली, १८४७पर्यंत. १८३३च्या कायद्याने कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला बंदी आली, नऊ ते तेरा वयोगटाला आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आली आणि ते तपासायला सरकारी निरीक्षक आले. तेव्हा याच घरातला मुलगा, रॉबर्ट हाइड ग्रेग, कारखान्यांवरच्या अशा कायद्यांच्या विरोधात हिरिरीने लिहीत होता. कनवाळूपणा घरापुरता आणि कायदा नको, हे मला पचत नाही.

साचेवाल्याचा_नातू

वरची चर्चा महत्त्वाची आहेच, पण मागांच्या मजल्याबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. माझे आजोबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. म्हातारपणी त्यांच्याशी बोलताना आम्ही सगळे ओरडत असू, कारण त्यांना ऐकू येत नव्हतं. क्वारी बँकला मागांच्या मजल्यावर माणूस एखादाच माग सुरू करून दाखवतो. आडवं सूत वाहणारा धोटा इकडून तिकडे फेकला जातो, फणी ठोकते, आणि मिनिटाला दोनशेच्या आसपास हे घडतं. जमीन पायांखाली थरथरते. एका मागाने ही गत, तर शेकडो माग दिवसभर चालत असतील तेव्हा काय होत असेल, हे मला तिथे उभं राहून पहिल्यांदा कळलं. आजोबांचं बहिरेपण मी वयाचं समजत होतो.

शेजारच्या लँकेशर परगण्यातल्या गिरणीच्या बायका त्या आवाजात ओठांच्या हालचालींवरून बोलायच्या. ओठ मोठे करून, चेहऱ्याने, हातांनी. दोन मागांच्या ओळी सोडून पलीकडच्या बाईशी गप्पा व्हायच्या आणि मधल्याला ऐकू काहीच यायचं नाही. दाखवणाऱ्या बाईंना विचारा, त्या करून दाखवतात.

धोट्याचीही एक गोष्ट विचारा. जुन्या धोट्यात नवी कांडी घातली की सुताचं टोक एका बारीक भोकातून बाहेर काढायचं असे. ते विणकर तोंडाने ओढून काढायचे. तोच धोटा दिवसभरात किती जणांच्या तोंडाला लागायचा. क्षय, दातांची झीज, तोंडात तेल आणि सूत. या पद्धतीवर ब्रिटनमध्ये बंदी यायला १९५२ साल उजाडलं. धोटा हातात घेऊन ते भोक बघा, मग कळेल मी काय म्हणतोय.

मोगरा_७

@साचेवाल्याचा_नातू, तुमचा प्रतिसाद वाचून थांबले. आमच्याकडेही आजोबा असेच ओरडून बोलायचे. धन्यवाद.

प्रवासी_पाखरू

वेगळा पर्याय सुचवू का? क्वारी बँक चांगलंच आहे, पण मूळ बघायचं तर डर्बीशरला जा. रिचर्ड आर्कराइटने १७७१ साली क्रॉमफर्डला पाण्यावर चालणारी सूतगिरणी काढली, तिथून पुढे सगळ्यांनी तीच पद्धत उचलली. ग्रेग त्याच्या मागाहूनचा. डर्वेंट खोऱ्यातल्या या गिरण्या २००१ साली जागतिक वारसा यादीत गेल्या.

क्रॉमफर्डची मला आवडलेली गोष्ट म्हणजे पाणी. आर्कराइटने नदीच्या मुख्य प्रवाहाला हातच लावला नाही. त्याने एक ओढा घेतला आणि शिशाच्या खाणींतलं पाणी बाहेर काढणाऱ्या बोगद्याचं पाणी घेतलं. जमिनीखालून येणारं ते पाणी कोमट, त्यामुळे थंडीत गोठायचं नाही. बाकीच्यांची चाकं बर्फाने अडली तरी याचं चालू. पुढे खाणवाल्यांनी आणखी खालच्या पातळीवर दुसरा बोगदा काढला आणि गिरणीचं पाणीच आटलं. दुसऱ्याच्या सांडपाण्यावर उभा केलेला कारखाना, दुसऱ्याच्या निर्णयाने बसला.

रस्त्याकडच्या भिंतीला खालच्या मजल्यांवर खिडक्या नाहीत म्हणण्याइतक्या कमी आहेत, किल्ल्यासारखं दिसतं. यंत्रं फोडणाऱ्या जमावाची धास्ती होती.

इंजिनेरबाई

क्रॉमफर्ड इतिहासासाठी उत्तम, पण दहा वर्षांच्या मुलीला आणि यंत्रातल्या आजोबांना घेऊन जायचं असेल तर मी क्वारी बँकच म्हणेन. तिथे कापसापासून कापडापर्यंत सगळी साखळी एका इमारतीत चालताना दिसते. पिंजण, पेळू, सूत, माग आणि त्यांच्या खाली ते सगळं फिरवणारं चाक. क्रॉमफर्डला भिंती जास्त आणि यंत्रं कमी.

पाऊलखुणा

न्यू लॅनर्कचं नाव कसं नाही आलं अजून? स्कॉटलंडमध्ये क्लाइड नदीच्या धबधब्यांजवळ, डेव्हिड डेलने काढलेली सूतगिरणी. १८००पासून त्याचा जावई रॉबर्ट ओवेन कारभार बघू लागला. दहा वर्षांखालच्या मुलांना त्याने कामावर घेणं बंद केलं आणि १८१६ साली लहान मुलांची शाळा काढली. तिथे नाच आणि गाणीही शिकवायचे.

पण त्याचीही दुसरी बाजू आहे. प्रत्येक कामगाराच्या जागेवर चार रंगांचा लाकडी ठोकळा टांगलेला असायचा. काळा, निळा, पिवळा, पांढरा. आदल्या दिवशीच्या वागणुकीप्रमाणे एक बाजू समोर. काळा म्हणजे वाईट, पांढरा म्हणजे उत्तम. मार नाही, दंड नाही, पण येताजाता सगळ्यांना दिसणार. मुलांना हा ठोकळा दाखवला की चर्चा फार छान होते, कारण त्यांनाही वर्गात असं काहीतरी भोगावं लागलेलं असतं.

वरच्या वादात भर म्हणून एवढंच : जुनं_खोड काकांना बरा मालक हवा असेल तर ग्रेगपेक्षा ओवेनचं नाव घ्यावं. त्याच काळात, तसल्याच नदीकाठी, दहा वर्षांखालच्या मुलांना कामावर न घेता गिरणी नफ्यात चालवता येते हे त्याने दाखवलं. म्हणजे 'तेव्हा दुसरा मार्गच नव्हता' असं म्हणता येत नाही.

जुनं_खोड

हा मुद्दा वजनदार आहे. ओवेनबद्दल वाचतो.

कपाशी

थोडं अवांतर, पण सुताचाच धागा आहे. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, दक्षिणेतली बंदरं अडवली गेली आणि लँकेशरला कापूस येईना. गिरण्या बंद, हजारो कामगार घरी. तेव्हा मुंबईहून कापसाच्या गाठी जहाजांनी जाऊ लागल्या आणि इथे कापसाचे भाव गगनाला भिडले. इंग्लंडमध्ये त्या कापसाला सुरती म्हणत. त्याचे तंतू आखूड, सूत सारखं तुटे. तुकड्यावर मजुरी असलेल्या विणकराला तुटक्या सुतात दिवस घालवून हाती कमी पैसे पडत, म्हणून तिथे सुरती कापूस शिव्या खाई. इकडे त्याच कापसाने लोक श्रीमंत झाले आणि १८६५मध्ये युद्ध संपताच बुडाले.

संग्रहालयात आखूड आणि लांब तंतूंचा कापूस हातात घेऊन ओढून बघायला मिळाला तर जरूर बघा. दोन बोटांत धरून ओढला की फरक लगेच समजतो.

साचेवाल्याचा_नातू

@कपाशी, आणखी एक दुवा. मुंबईच्या गिरण्यांत जी यंत्रं आली त्यांतली पुष्कळशी ओल्डमच्या प्लॅट ब्रदर्सची. ओल्डम मँचेस्टरच्या उशालाच. यंत्रांवरच्या ओतीव अक्षरांत बनवणाऱ्याचं नाव असतं, सासऱ्यांना ते वाचत हिंडायला आवडेल.

प्रवासी_पाखरू

आपल्याकडे पाण्यावर चालणाऱ्या गिरण्या का झाल्या नाहीत मग?

इंजिनेरबाई

झाली की. घटप्रभेवर गोकाकच्या धबधब्याशी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाण्याच्या जोरावर सूतगिरणी उभी राहिली. मुंबईला मात्र बंदर होतं, धबधबा नव्हता. शिवाय तोवर वाफेचं युग पुरतं स्थिरावलं होतं. पण हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे, इथे रानजाईंचा प्रश्न मागे पडेल.

हसरी_गोगलगाय

मुलांना खदखदून हसवायचं असेल तर लँकेशरमधलं हेल्मशोर बघा. तिथे लोकरीचं कापड कुटून घट्ट करायची जुनी गिरणी आहे, पाण्याच्या चाकावर लाकडी हातोडे आपटतात. लोकरीतला तेलकटपणा काढायला त्या काळी काय वापरत माहितीये? घरोघरी जमवलेलं मूत्र! शिळं झालं की त्यात अमोनिया तयार होतो, तो साबणाचं काम करतो. माझ्या भाच्याने पुढचा आठवडाभर भेटेल त्याला हेच सांगितलं. संग्रहालयाची एवढी जाहिरात कुणी केली नसेल.

मोगरा_७

हाहाहा! हे आमच्या चिरंजीवांना सांगणार नाही, जेवताना बोलतील.

खडूफळा

मी शिक्षिका आहे आणि मुलांना घेऊन अशा ठिकाणी जाते, त्यामुळे मूळ दुसऱ्या प्रश्नाकडे परत वळते.

दहा वर्षांच्या मुलीला ते घर नक्की दाखवा. ते भीतिदायक नाही. जुन्या वेषातली माणसं गटागटाने घर फिरवतात आणि मुलांनाच प्रश्न विचारतात. झोपायच्या खोलीत खाटा दिसतात, एकेका खाटेवर दोघी झोपायच्या. त्या घरात एका वेळी नव्वदच्या आसपास मुलं असायची, त्यांत मुली जास्त. डॉक्टरची औषधं, जळवा, लापशी. मुलं घाबरत नाहीत, त्यांना असंख्य प्रश्न पडतात. रडू आलंच तर मोठ्यांना येतं.

पण मी क्रम सांगेन, आणि तो टेकडीपलीकडे यांच्या क्रमाला जोडूनच. आधी पाणी, मग चाक, मग सूतकताईचं ते लांब यंत्र, म्यूल. त्याचा पुढचा भाग चाकांवर बाहेर येतो, सूत ताणलं जातं, पीळ पडतो आणि तो परत आत जातो. तो बाहेर आला की खालच्या मोकळ्या जागेत लहान मूल सरपटत जाऊन पडलेला कापूस गोळा करायचं, आणि तो परत यायच्या आत बाहेर पडायचं. दिवसभर हेच. दाखवणारे बहुतेक वेळा यंत्र थांबवून ही जागा दाखवतात. लेकीला फक्त विचारा, "तू यात मावशील का?" ती वाकून बघेल. बाकी काही सांगावं लागत नाही.

त्यानंतर मुलांच्या घरी जा. आधी घर आणि मग यंत्र बघितलं तर यंत्र नुसतं यंत्र राहतं आणि घर नुसतं करुण. वर इंजिनेरबाई आणि अवनी जणू दोन वेगळ्या सहलींबद्दल बोलतायत असं वाटतं, पण तसं नाहीये. चाक कधी दमत नाही. म्हणूनच तर त्याच्या वेगाने चालणारी, थोडक्या पैशांत मिळणारी लहान माणसं लागली. हे मुलीला शब्दांत सांगू नका, तिला त्या क्रमाने चालवा.

अवनी_द

खडूफळा, यापेक्षा चांगलं मला लिहिता आलं नसतं. अनुमोदन.

रानजाई

किती सुंदर प्रतिसाद! सासऱ्यांना सगळा धागा वाचून दाखवला. आऱ्यांचं कळल्यावर त्यांनी कागदावर चाक काढून मला समजावलं. सासूबाईही खडूफळा यांचा प्रतिसाद ऐकून म्हणाल्या, मग मीही येते त्या घरी.

त्यांचा एक प्रश्न आहे. सूतगिरण्या एवढ्या दमट का ठेवत? ते म्हणतात, यंत्राला ओल म्हणजे शत्रू.

इंजिनेरबाई

त्यांना सांगा, यंत्राला शत्रू पण सुताला मित्र. कोरड्या हवेत कापसाचे तंतू ठिसूळ होतात, घर्षणाने वीज साठून एकमेकांपासून फुलतात आणि सूत तुटतं. दमट हवेत ते एकमेकांना धरून राहतात. लँकेशर-चेशरच्या बाजूची हवा मुळात ओली, त्याचाही या धंद्याला फायदा झाला. किंमत कामगारांच्या छातीने मोजली. गरम, दमट हवा आणि त्यात तरंगणारा कापसाचा बुरा. यंत्राला तेल देतच असत, जमिनीवरही ते सांडे, आणि मुलं त्यावर अनवाणी धावत.

टेकडीपलीकडे

रानजाई, निघायच्या आधी तीन गोष्टी. मुलांचं घर ठरावीक वेळेच्या गटांतच बघता येतं, त्यामुळे पोचल्या पोचल्या दुपारची वेळ घेऊन ठेवा आणि मग बंधाऱ्याकडे चालू लागा. चाक आणि यंत्रं त्या दिवशी चालवणार आहेत का, हे आदल्या दिवशी विचारा. पाणी कमी असेल किंवा दुरुस्ती असेल तर थांबवतात. आणि सासू-सासऱ्यांसाठी : गिरणी दरीत आहे, परतताना चढ लागतो. आत मजले चढायला लिफ्ट आहे, पण बाहेर चढ आहेच, म्हणून बाग सकाळी उरका आणि शेवटी घाई ठेवू नका.

रानजाई

वेळ आधी घेण्याचं लक्षात ठेवते. लेक आत्ताच विचारतेय की त्या म्यूलखाली खरंच जाऊ देतात का.

खडूफळा

नाही, दोरीच्या अलीकडूनच बघायचं. पण पुढच्या ओळीत उभी करा, तिथून खालची जागा नीट दिसते.